शेवटचं घमेलं

परवा आमच्या वाकडच्या सोसायटीत झाडांची छाटणी झाली. फांद्या यंत्रात घालून त्यांच्या ढलप्या केल्या आणि सेक्रेटरींनी त्या ओल्या ढलप्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबून, तोंडं गच्च आवळून, पार्किंगच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या. ग्रुपवर निरोप आला, ‘घरच्या बागेसाठी उत्तम खत, तीन महिन्यांत तयार, नावं नोंदवा.’ त्याखाली ओळीने अंगठे. लिफ्ट बंद होती, गुडघे कुरकुरत होते, तरी मी बारा मजले उतरून खाली गेले आणि भाजीच्या सुरीने एकेका पिशवीला भोकं पाडत सुटले. सेक्रेटरी धावत आले, ‘‘अहो मॅडम, काय करताय? सील करून ठेवलंय ते!’’ सील हा शब्द कानावर पडला आणि माझं डोकंच सणकलं. त्या एका शब्दाने आमच्या घरात काय करून ठेवलं होतं, हे त्या भल्या माणसाला पार्किंगमध्ये उभं राहून कसं सांगणार? तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं.

आम्ही तेव्हा कुरुळीला राहायचो. माझे वडील, म्हणजे अण्णा, परभणीकडचे. चाकणच्या एका कंपनीत ते पॅकिंगला होते. यंत्राचे जड जड भाग लाकडी खोक्यात बसवायचे, वर जाड प्लॅस्टिक गुंडाळायचं, लोखंडी पट्ट्या ओढून ताणायच्या आणि क्लिपा मारून सील करायचं, हे त्यांचं काम. काम ते देवपूजेसारखं करायचे, याबद्दल वाद नाही. वाद हा की, घरी आल्यावरही ते थांबायचे नाहीत. आमच्या घरातला गहू, रॉकेलचा कॅन, दिवाळीचा आकाशकंदील, माझी जुनी पुस्तकं, सगळं पट्ट्यांनी आवळलेलं असायचं. आईला तिळाचा डबा हवा असला तर आधी पक्कड शोधावी लागे. ‘‘हवा लागली की माल गेला म्हणून समज,’’ हे त्यांचं ब्रीद. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की आजही कुणी बिस्किटाच्या पुड्याला रबर लावलं तरी मला चीड येते. पट्टी ओढताना जो ‘टंग’ असा आवाज होतो, तो माझ्या लहानपणाचा आवाज आहे. त्यामागे नाशिक रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर आणि पाळीचा भोंगा.

आमच्या दोन खोल्या तान्हूबाईंच्या घरामागे होत्या. तान्हूबाई गावच्याच, दारात तीन म्हशी, आवाज असा की म्हशींनाही दचकायला व्हावं. खोल्यांच्या मागे धुण्याच्या दगडापासून संडासापर्यंत जागेची एक पट्टी होती. नुसता मुरूम. पहार मारली तर ठिणगी उडायची. तिथे बाग करायची असं आईच्या मनाने घेतलं होतं, आणि त्याला कारण होतं वांग्याचं बी.

आईच्या माहेरी एक वांगं होतं. लहान, पांढुरक्या हिरव्या रेघांचं, देठाला असे काटे की तोडताना बोट फुटायचं. शेंगदाण्याचा कूट आणि काळा मसाला भरून शिजवलं की सालीसकट लोण्यासारखं व्हायचं. माझ्या मामाने एका वर्षी रानात दुकानातलं संकरित बियाणं लावलं, दुसऱ्या वर्षीही तेच लावलं, आणि तिसऱ्या वर्षी आईने जुन्या वांग्याचं विचारलं तर म्हणाला, ‘‘ते कवाच मोडलं की अक्का.’’ मोडलं म्हणजे संपलं. गावात इतर कुणी ठेवलं नव्हतं. आईजवळ तिने आधी कधीतरी आणलेली एक चिमूट चिंधीत बांधून राहिली होती. तेवढीच. ते बी दरवर्षी जुनं होत चाललं होतं आणि लावायला माती नव्हती. भाकरी थापताना मध्येच ती म्हणायची, ‘‘यंदा नाही लावलं तर उगवायचं नाही ते.’’ कुणाला उद्देशून नाही, तव्यालाच.

मग अण्णांनी मनावर घेतलं. अण्णांनी मनावर घेतलं की आमची धडगत नसायची. कंपनीच्या सुतारखात्यात ढलप्या आणि रंध्याचा भुसा ढिगांनी पडायचा, लोक बंबात जाळायला न्यायचे. अण्णांनी परवानगी काढून पोती आणायला सुरुवात केली. लाकूड कुजलं की सोन्यासारखी माती होते, असं त्यांना कुणीतरी कँटीनमध्ये सांगितलं होतं. इथपर्यंत त्या कँटीनवाल्याचं बरोबरच होतं. होळीपर्यंत मागच्या दारी माझ्या खांद्याएवढा ढीग झाला. त्यावर पाणी मारलं, तान्हूबाईंच्या गोठ्यातलं शेण कालवून ओतलं. आणलं कुणी? मी. बादल्या किती, ते विचारू नका. हे सगळं झाल्यावर एका गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, अण्णांनी पिशवीतून जाड प्लॅस्टिकची गुंडाळी, पट्ट्या आणि पट्टी ओढायचं यंत्र बाहेर काढलं.

आई दारात उभी राहून बघत होती. ‘‘अहो, ते कामून बांधायलात?’’

‘‘मग काय उघडं ठेवू? हवा लागंल ना.’’

‘‘माल कुजू नये म्हणून बांधता ना तुम्ही कंपनीत?’’

‘‘हां.’’

‘‘मग जे कुजवायचंय ते कामून बांधायलात?’’

आजपर्यंत मी बरीच शहाणी माणसं पाहिली, पण इतका सरळ प्रश्न फार कमी वेळा ऐकला. तिथे अण्णांनी पक्कड खाली ठेवली असती तर हे प्रकरण मला लिहावंच लागलं नसतं. पण ते म्हणाले, ‘‘तुला त्यातलं कळत नाही. माझी पॅकिंग समुद्र ओलांडून जायली, एक डाग पडत नाही. आणि मला एक ढीग बांधता येईना का?’’

तान्हूबाई आवाज ऐकून आल्या. ‘‘आरं बाबा, ढिगाला बी वारं पायजे. कोंडलास तर आंबंल त्यो. आमी उकिरडा झाकतो व्हय कधी?’’

‘‘मावशी, उकिरडा वेगळा. ही सायंटिफिक पद्धत आहे.’’

टंग, टंग, टंग. आठ पट्ट्या बसल्या. वर त्यांनी कंपनीतला पत्र्याचा ठसा ठेवून काळ्या रंगाने बाणसुद्धा काढला, ‘ही बाजू वर’. कुणी आमचा ढीग उलटा करून ठेवील अशी त्यांना भीती असावी. संडासाला जाणारा येणारा प्रत्येक माणूस ते वाचून हसायचा आणि मी मान खाली घालून दुसऱ्या बाजूने जायची.

नागपंचमी आली तरी ढीग तसाच होता. आईने फुटक्या टोपल्यात रोपं करायचं ठरवलं. निम्मं बी पेरते, निम्मं ठेवते, असं ती म्हणाली. अण्णा म्हणाले, ‘‘सगळं पेर. जुनं बी आहे, ठेवून काय करतीस? खत तयार आहे, मी आहे.’’ ‘मी आहे’ या दोन शब्दांपुढे आई हरली. ती फार क्वचित हरायची. चिंधी झटकून तिने सगळं बी टोपल्यात टाकलं आणि रोज सकाळ संध्याकाळ गडूने पाणी शिंपडायला लागली. उगवली बावीस रोपं. ती मुरमात खड्डे करून, तान्हूबाईंच्या परड्यातली ओंजळ ओंजळ माती घालून, धुण्याच्या दगडापर्यंत दोन ओळींत लावली. चार पानांवर आली, धरली. आई मधेच उगाच मागे जाऊन यायची.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवार होता, अण्णांची दुसरी पाळी होती. दुपारी जेवून उठले आणि म्हणाले, ‘‘चल सुमे, आज पॅकिंग खोलू.’’ माझी शाळा सकाळची, घरी येऊन मी नुकती न्हाले होते. त्या संध्याकाळी शाळेत भोंडला होता आणि खिरापत माझ्याकडे होती. आईने डाळ, मुरमुरे आणि गूळ घालून डबा भरला होता, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून वरून घट्ट फडकं बांधलं होतं. मी परभणीकडची, बोलणं वेगळं, वर्गात आधीच माझी नक्कल करायचे. त्या दिवशी तरी नीट जायचं होतं मला. पण अण्णांना हे सांगून उपयोग नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी पहिली पट्टी तोडली, प्लॅस्टिक फाडलं, आणि जो वास आला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. नासलेलं ताक, कुजकी अंडी आणि व्हिनेगर यांचा एकत्र भपका. डोळ्यांतून पाणी आलं. आत ढलप्या काळ्या, बुळबुळीत, गरम. तान्हूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, ‘‘आंबलाय रं. पसरून ठिव चार-आठ दिस. आत्ताच झाडाला घालू नगं, बाबा.’’

‘‘उग्र आहे म्हणजेच ताकद आहे त्यात, मावशी,’’ अण्णा म्हणाले.

मी घमेली वाहिली, अण्णांनी एकेका रोपाच्या बुडाशी मापाने खत ओतलं. मापाने म्हणजे खरंच मापाने, मगाला रेघ होती. वीस रोपं झाली आणि फाट्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. हात धुता धुता ते म्हणाले, ‘‘एवढं शेवटचं घमेलं त्या दोन झाडांना घाल. शेवटपर्यंत जायचं, काय? अर्धं काम करणारा माणूस मला चालत नाही.’’ आणि धावत गेले.

मी घमेलं उचललं. केसांना वास, फ्रॉकला वास, नखांत काळं. ती दोन रोपं पार टोकाला, दगडापाशी, चिखलात. मला इतका संताप आला होता त्या माणसाचा, त्याच्या बाणाचा, त्याच्या मापाचा, की मी वळले आणि ते घमेलं सरळ संडासामागच्या हराळीवर पालथं केलं. मग तीनदा साबण लावून भोंडल्याला गेले. खिरापत कुणालाच ओळखता आली नाही. दोघी मुली नाकाला रुमाल लावून लांब उभ्या राहिल्या, ते मी पाहिलं.

बुधवारी शाळेतून आले तर आई धुण्याच्या दगडावर बसली होती, हातात काही काम नसताना. मी आईला तसं कधी पाहिलं नव्हतं. रोपांची पानं उकळतं पाणी ओतावं तशी भाजून खाली लोंबत होती. वीसच्या वीस. टोकाची दोन तेवढी ताठ उभी होती. ‘‘सगळं पेरलं गं मी,’’ आई एवढंच म्हणाली. मला बोलायला हवं होतं, पण मी बोलले नाही. अण्णा मारायचे नाहीत, पण कामचुकार माणसाशी बोलणं टाकायचे. हाताखालच्या एका पोऱ्याशी त्यांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं, हे मला ठाऊक होतं.

गुरुवारी सुट्टी. अण्णांनी सकाळीच रोपांची तपासणी केली. एकेक उपटून, मूळ बघून, ओळीने मांडून. मला वाटलं, आता तरी कबूल करतील. थोड्या वेळाने ते उठले आणि म्हणाले, ‘‘खतात दोष नाही.’’

आईने उपटलेलं एक रोप उचलून त्यांच्यापुढे धरलं.

‘‘कसा असंल? ही दोन बघ. खत तेच, माप तेच, दिवस तोच. दोन पास झाली म्हणजे माल चांगला. वीस रोपंच कच्ची होती. जुनं बी.’’ आणि मग, त्यांचं ते तर्कट पुरं करत, ‘‘ह्या दोघांना आता अजून एक एक माप घालतो. तरारतील बघ.’’

त्यांनी खताचा मग भरून घेतला. आई ‘‘नका हो, नका,’’ म्हणत आडवी गेली. ‘‘एवढीच राहिलीत. पाया पडते तुमच्या.’’ माझ्या आईने कुणाच्या पाया पडल्याचं मी ऐकलं नव्हतं. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘‘अगं, पुरावा समोर आहे की,’’ आणि खाली वाकले.

‘‘मी घातलंच नाही!’’ मी ओरडले. ‘‘त्या दोन झाडांना मी खत घातलंच नाही अण्णा! घमेलं मी संडासामागं ओतलं!’’

अण्णांच्या हातातला मग हवेतच थांबला. तान्हूबाई म्हशीला वैरण टाकता टाकता थांबल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर बघून मला वाटलं, आपलंही बोलणं टाकलं आता. त्यांनी एकच विचारलं, ‘‘कुठं?’’

मी पुढे, अण्णा मागे, त्यांच्या मागे आई. संडासामागे हराळीचं हिरवंगार रान होतं. शेतकऱ्याला विचारा, हराळी काय चीज आहे ते. नांगराने मरत नाही, उन्हाने मरत नाही. तिच्यात मधोमध घमेल्याच्या तोंडाएवढा गोल डाग, तपकिरी, जळून गेलेला. अण्णा उकिडवे बसले. त्यांनी एक काडी उपटली, चुरगाळली, वास घेतला. नंतर उठून घरात गेले, पक्कड आणली आणि ढिगावरच्या राहिलेल्या पट्ट्या एकेक करून तोडल्या. ‘टंग’ झालं नाही, तुटताना निराळाच आवाज येतो. ‘ही बाजू वर’ लिहिलेलं प्लॅस्टिक त्यांनी घडी घालून पत्र्याखाली ठेवलं. मला ते एक शब्द बोलले नाहीत.

आईने बोलून दाखवलं नाही, करून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून रोज वांगी. चाकणच्या बाजारातली जांभळी, चकचकीत, बेचव. सकाळी भरीत, रात्री रस्सा, डब्यात काचऱ्या. तीन आठवडे. अण्णा मान खाली घालून खायचे. मला कशाला शिक्षा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘‘गपचूप खा.’’

आणि ढीग? तो आम्ही उपसला. पहिली पाळी असली की चार वाजता, दुसरी असली की शाळेतून आल्यावर लगेच, अण्णा फावडं घेऊन आणि मी घमेलं. इकडची रास तिकडे, आठ दिवसांनी तिकडची इकडे. आठवडाभर पाणी, मध्ये शेण, तान्हूबाई ओट्यावरून हुकूम सोडायच्या, ‘‘आता वाईच कोरडा हाय. आता लई भिजीवलास.’’ अण्णा ‘‘हो मावशी’’ म्हणायचे. माझ्या हाताला घट्टे पडले, वर्गात मला ‘खतवाली’ नाव पडलं, दहावीच्या वर्षात मी किती तास त्या ढिगापायी घालवले याचा विचार केला की अजून राग येतो. हळूहळू वास गेला. मग ढलप्या बोटांनी मोडायला लागल्या. गांडुळं आली. वर्ष उलटलं तेव्हा माझ्या खांद्याएवढा ढीग गुडघ्याएवढा राहिला होता, काळाभोर, आणि त्याला झाडाखालच्या मातीचा वास येत होता.

त्या दोन झाडांना वांगी लागली, ती आईने एकही तोडू दिली नाही. पिकून पिवळी, मग तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवली. राखेत बी घोळून, वाळवून, पुन्हा चिंधीत बांधलं, या खेपेला तीन चिंध्यांत. एक तान्हूबाईंना दिली, एक स्वतःच्या पेटीत, आणि तिसरी माझ्या हातात. ‘‘तुझ्याकडं राहू दे,’’ म्हणाली. पुढच्या वर्षी त्या गुडघाभर मातीत तीस झाडं झाली.

पहिली वांगी निघाली तो दिवस गुरुवार होता. आमच्या घरात पहिलं ताट अण्णांचं, हा नेम कधी मोडला नव्हता. त्या दिवशी आईने भरलं वांगं केलं, ज्वारीच्या भाकरी टोपल्यात रचल्या, अण्णा पाटावर बसले, आणि आईने पहिलं ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं. मी अण्णांकडे पाहिलं. ते आईकडे पाहत होते. मग म्हणाले, ‘‘बरोबर आहे. खा.’’ मी खाल्लं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तिखटावर ढकललं.

जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, मिशी पुसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘‘सुमे, चल. वरच्या ओळीला माती द्यायचीय. आणि या वेळी शेवटपर्यंत जायचं.’’

आई भांडी गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘शेवटचं घमेलं तिच्या मनानं टाकू द्या.’’

अण्णा मागच्या दारी जाऊन माझ्यासाठी घमेलं भरायला लागले.